‘दो आँखें बारह हाथ’ : एका चित्रबखरीचें परीक्षण

(१)

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी बोलपट १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें परीक्षण इतिहाससंशोधनास वाहिलेल्या या त्रैमासिकांत कां यावें, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. तेव्हां त्याचें उत्तर आरंभींच देणें योग्य होय. औंध संस्थानाच्या आटपाडी महालांत १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नांवाची बंद्यांची एक खुली वसाहत निघाली. शिक्षा भोगणाऱ्या माणसांस भिंतीबाहेर ठेवून, त्यांच्या हातीं नांगर देऊन आणि त्यांचीं बायकामुलें त्यांच्याजवळ राहूं देऊन त्यांजकडून कैदेची मुदत पुरी करून घ्यावयाची, असा हा प्रयोग होता. आपल्या देशांतील खुल्या कारागृहांच्या इतिहासाचें हें एक अगदीं आरंभींचें पान होय. परंतु या पानाची ओळख आज महाराष्ट्रांत ज्या थोड्या लोकांस आहे, त्यांतील बहुतेकांस ती वरील बोलपटाच्या द्वारेंच झालेली आहे. ज्या कृतीवरून लोक एखादी घटना जाणतात, आणि जिच्यावांचून ती जाणण्याचें दुसरें साधन त्यांच्या हातीं सहसा लागत नाहीं, ती कृति कागदावर असो कीं पडद्यावर असो, बखरच होय. आणि बखरीची तपासणी हें तर आमचें नित्याचें काम.

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढून त्याच्या प्रस्तावनेंत बखरींच्या विश्वसनीयतेचा जो कठोर झाडा घेतला, तो सर्वश्रुत आहे. पुढें अभ्यासकांचें मत हळूहळू असें स्थिर झालें कीं, बखर ही टाकाऊ वस्तु नव्हे; ती काय विसरते, काय वाढविते आणि कोणाच्या मुखानें बोलते हें ध्यानांत ठेवून वाचली असतां तिच्यांतूनही पुष्कळ हातीं लागतें. हाच न्याय आम्ही प्रस्तुत बोलपटास लावणार आहों. त्याचे गुण कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या नाशकांत दादासाहेब फाळके यांच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा संसार १९१८ सालीं सुरू झाला, त्या नाशकांतील मनुष्यानें चित्रपटास तुच्छ मानणें शोभणारही नाहीं.

(२)

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वीं एका शब्दाचा विचार अवश्य आहे. ‘खुलें कारागृह’ हा शब्दप्रयोग वरवर पाहतां वदतोव्याघातच दिसतो. तुरुंग हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंको’, म्हणजे लांकडाचा ओंडका, या शब्दावरून आला असें मानतात; आणि गुन्हेगाराचे पाय अडकविण्याच्या मराठी खोड्याशीं त्याची कल्पना जुळते. म्हणजे भिंतीच्याही आधीं तुरुंगाच्या अर्थांत पायांतली अडकवण येते. ती काढून घेतली म्हणजे तुरुंगपणा कशांत राहिला? खुल्या कारागृहाचें उत्तर असें कीं, तो काम, हजेरी, हद्द व स्वतःचा शब्द यांत राहिला. बंदी निवडून घेतलेला असतो. कांहीं काळ बंदिस्त तुरुंगांत काढून त्यानें चांगल्या वर्तणुकीची साक्ष पटविलेली असते. तो दिवसा शेतांत अगर कामावर जातो आणि ठरल्या वेळीं परत येतो. त्याच्यावर पहारा असतो तो नांवापुरता. पळून जाण्यास वाट मोकळी असतां न पळणें, हीच त्याची रोजची परीक्षा.

ही कल्पना सर्वस्वीं पश्चिमेकडून आली, असें समजणाऱ्यांनीं आपलीं जुनीं साधनें पुनः पाहावीं. आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, नागरकाच्या कर्तव्यांचें प्रकरण संपवितांना, बंदिगृह ठराविक दिवसांनीं मोकळें करण्याची योजना सांगितली आहे, व सुटकेच्या मार्गांत कष्ट करून अपराधाची फेड करण्याचा मार्ग स्पष्ट दिला आहे. याच ग्रंथांत अन्यत्र बंद्याच्या निजण्यांत, बसण्यांत व जेवण्यांत अडथळा आणणाऱ्या अधिकाऱ्यांस दंड सांगितला आहे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांच्या अवधींत पंचवीस वेळां बंदी सोडल्याची नोंद आहे. आणि पांचव्या शिलालेखांत धर्ममहामात्रांनीं कोणत्या बंद्याची विशेष काळजी वाहावी हें सांगतांना, ज्याच्या पाठीशीं मुलेंबाळें आहेत त्याचा निर्देश आहे. तेव्हां आमच्या परंपरेंत दोन गोष्टी स्पष्ट आहेत : बंद्याच्या कुटुंबाचा विचार, आणि बंद्याइतकीच बंदिपालावरही नजर. या दोन्हींची पुढें आम्हांस गरज पडणार आहे.

(३)

आतां स्वतंत्रपुराकडे. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे चित्रकार व सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. १९३८ च्या अखेरीस त्यांनीं राज्याची सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि १९३९ च्या जानेवारींत गांवपंचायत हा ज्याचा पाया अशी राज्यघटना दिली. या घटनेस गांधीजींचा सल्ला होता, व तिच्या सिद्धतेंत मॉरिस फ्रीडमन यांचा हात होता. फ्रीडमन हे वॉर्सा येथें जन्मलेले पोलिश ज्यू, धंद्यानें विद्युत्-अभियंते, बंगलोरास म्हैसूर सरकारच्या कारखान्यांत अधिकारावर असतां भारतीय अध्यात्माकडे वळले, आणि भारतानंद हें नांव धारण करून औंधास आले. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संभाषणांचें १९७३ सालचें प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर यांचेंच. बंद्यांस मोकळ्या रानांत वसविण्याची कल्पना यांचीच, व ती उचलून धरणारे बाळासाहेब व त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब, असें परंपरा सांगते. जागा निवडली ती आटपाडीची. हा महाल औंधपासून तुटलेला, माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यांतला. जेथें पाऊस हाच सर्वांत मोठा बंदिपाल, अशी भूमि. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. संस्थानाची घटना गेली, दरबार गेला, परंतु वसाहत राहिली. ती आज सांगली जिल्ह्यांत महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे. तिची क्षमता मात्र तिसाच्या आंतच आहे.

या हकीकतीचे साक्षीदार कोण, तें पाहूं. पहिला वर्ग समकालीन दरबारी कागदांचा : हुकूम, आकारणी, हजेरीपट, शिक्षापत्रें, पोटगीचे हिशेब. प्रमाण म्हणून हा सर्वांत श्रेष्ठ, आणि उपयोगांत सर्वांत कमी आलेला. दुसरा वर्ग अभ्यासकांच्या ग्रंथांचा. त्यांत इंदिरा रोदरमुंड यांचा औंधच्या प्रयोगावरील १९८३ सालचा ग्रंथ प्रमुख होय, परंतु त्याचा मुख्य विषय गांवपंचायत हा आहे. तिसरा वर्ग स्मृतिलेखांचा. आप्पासाहेब पंतांनीं आपल्या वडिलांवर लिहिलेलें ‘ॲन अनयुजुअल राजा’ हें पुस्तक १९८९ सालीं निघालें. लेखक प्रत्यक्ष कारभारांत असलेले, म्हणून साक्ष मोलाची. पण ती घटनेनंतर पन्नास वर्षांनीं व बोलपटानंतर बत्तीस वर्षांनीं दिलेली आहे. चौथा वर्ग म्हणजे बोलपट स्वतः. काळाच्या दृष्टीनें पाहिलें तर तो घटनेपासून अवघ्या अठरा वर्षांवर आहे, म्हणजे स्मृतिलेखापेक्षां पुष्कळ जवळचा. आणि येथेंच संशोधकानें सावध व्हावें. जी कथा लाखो लोकांनीं पाहिली, ती पुढच्या प्रत्येक आठवणींत शिरण्याचा संभव असतो. स्वतंत्रपुराविषयीं आज कोणी आठवण सांगूं लागला तर तिच्यांतलें पाहिलेलें किती व पडद्यावरून घेतलेलें किती, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. पुढील पोथीवरून मागील पोथींत पाठ घुसावा, तसा हा प्रकार आहे. आणि पाठभेदांचें काम केलेल्या वाचकांस त्याचें नवल वाटूं नये.

(४)

बोलपटाचें संविधानक थोडक्यांत असें. आदिनाथ नांवाचा एक तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यांतील सहा बंद्यांस वरिष्ठांच्या परवानगीनें ओसाड रानांत नेतो. बेड्या नाहींत, भिंत नाहीं. आहेत ते आदिनाथाचे दोन डोळे आणि बंद्यांचे बारा हात. बंदी पळून जाऊं पाहतात, पण ते डोळे त्यांस परत आणतात. रान पिकतें. भाजी बाजारांत जाते व माफक दरानें विकली जाते. त्यामुळें दुखावलेले व्यापारी आधीं बंद्यांस बिघडवूं पाहतात व पुढें शेतावर घाला घालतात. पीक वांचवितांना आदिनाथ बैलाच्या धडकेनें मरतो, आणि मागें त्याचे डोळे तेवढे उरतात. आदिनाथाची भूमिका स्वतः शांताराम यांनीं केली, कथा-पटकथा ग. दि. माडगूळकर यांची, संगीत वसंत देसाई यांचें. राष्ट्रपतींचें सुवर्णपदक व १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत रौप्य अस्वल, असा त्याचा गौरव झाला.

साक्षीदार म्हणून या बखरीची पात्रता कमी नाहीं. माडगूळकरांचा जन्म १९१९ सालीं आटपाडी भागांतील शेटफळें येथें झाला, व त्यांचें शिक्षण कांहीं आटपाडीस व कांहीं औंधास झालें. म्हणजे ज्या राज्यांत हा प्रयोग झाला, त्याच राज्याच्या मातींत लेखक वाढला. त्यांचे धाकटे बंधु व्यंकटेश यांनीं ‘माणदेशी माणसं’ व ‘बनगरवाडी’ यांत जो प्रदेश अजरामर केला, तोच हा. म्हणूनच रानाचा कोरडेपणा, पाण्याची वाट पाहणें, पहिल्या कोंबाचा आनंद, हे बोलपटांतील भाग खरे वाटतात. ते कल्पनेनें नव्हे तर अनुभवानें लिहिलेले आहेत. विशेषतः एका गोष्टीसाठीं आम्ही या बखरीचे ऋणी आहों. बंद्याच्या श्रमाचें फळ बाजारांत आलें म्हणजे बाहेरच्या धंदेवाल्यांशीं त्याची टक्कर होते, हें अर्थशास्त्रीय सत्य तिनें सामान्य प्रेक्षकास सहज पटविलें. तुरुंगांतील कारखान्यांचा माल स्वस्त पडल्यानें आपलें नुकसान होतें, ही खासगी उत्पादकांची तक्रार युरोप-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. तिनें तेथें कायदे बदलविले. आपल्या भाषांत हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें मांडणारी दुसरी ललितकृति आमच्या ध्यानांत येत नाहीं.

(५)

आतां दोष, किंवा अधिक न्यायानें बोलावयाचें तर, विसर व भर.

पहिला विसर कुटुंबाचा. स्वतंत्रपुराचें वैशिष्ट्य शेतींत नव्हतें. बंद्यांकडून शेती तर बंदिस्त तुरुंगांच्या बागांतही करवून घेत. तें बायकामुलांसह राहण्यांत होतें. ज्या मनुष्यास संध्याकाळीं आपल्या चुलीपुढें बसतां येतें, सकाळीं पोराच्या हांकेनें उठावयाचें असतें, आणि जो पळाला तर त्याचें घर उघडें पडणार असतें, त्यास कुंपणाची गरज राहत नाहीं. बोलपटावर कुटुंबाची सावली पडते, पण वस्ती तेथें होत नाहीं. सहा पुरुष एका छपराखालीं, व त्यांच्या मधून फिरणारी खेळणीं विकणारी एक स्त्री, एवढाच संसार. नाट्यदृष्ट्या हें सोयीचें असेल. इतिहासदृष्ट्या मात्र प्रयोगाचा प्राणच येथें गळाला. अशोकाच्या लेखनिकास जी गोष्ट सुचली, ती विसाव्या शतकांतल्या पटकथेंतून निसटावी, हें चमत्कारिक खरें.

दुसरी भर डोळ्यांची. बंदी परत येतात तें आदिनाथाच्या दृष्टीच्या सामर्थ्यानें, असें बोलपट सांगतो. ही भक्तिकथेची रीत आहे. चोराचें अंतःकरण संताच्या दर्शनानें पालटतें, तसा हा प्रकार. आम्हांस संतकथांविषयीं आदर आहे. परंतु औंधास जें घडलें तें एका पुण्यवंताच्या नजरेनें घडलें नाहीं. त्यांत जमिनीची सोय करणारें राज्य होतें, योजना आंखणारा अभियंता होता, शेजारीं खुनाच्या आरोपाचा मनुष्य राहूं देणारें गांव होतें, आणि बंद्यांचीं स्वतःचीं कुटुंबें होतीं. या सर्वांचें श्रेय एका व्यक्तीच्या डोळ्यांत सांठविलें म्हणजे बाकीचे हात अदृश्य होतात. बोलपटाच्या नांवांत बारा हात आहेत खरे. परंतु कथेचा कर्ता दोन डोळेच आहेत.

यांतून तिसरा दोष निघतो, तो सर्वांत गंभीर. आदिनाथावर कोणाची नजर आहे? कथेंत वरिष्ठ आहेत, पण ते संशयी व अडथळा करणारे. प्रेक्षकाची सहानुभूति सर्वस्वीं आदिनाथाकडे. कौटिल्यानें बंद्याच्या आधीं बंदिपालास कायद्यांत बांधलें, कारण मोकळ्या हातीं सत्ता आली म्हणजे काय होतें हें तो जाणत होता. सज्जन बंदिपाल लाभला तर उत्तमच. पण संस्था सज्जनावर उभारतां येत नाहीं, नियमावर उभारावी लागते. महाराष्ट्रांत खुल्या कारागृहांचे नियम १९७१ सालीं झाले. ते नीरस आहेत, कोणी त्यांवर गाणें रचणार नाहीं. परंतु निवड कोणाची करावी, कामाचा मोबदला कसा द्यावा, नियम मोडल्यास काय करावें, हें जेथें लिहिलेलें असतें, तेथें दुर्जन अधिकारी आला तरी बंद्यास कांहीं आधार राहतो.

चौथी भर शेवटाची. आदिनाथ मरतो, आणि प्रयोगाचें सार्थक त्याच्या मरणांत होतें. वस्तुतः स्वतंत्रपूर कोणाच्या मरणानें पावन झालें नाहीं. तें टिकल्यानें सिद्ध झालें. राजा गेला, संस्थान गेलें, फ्रीडमन मुंबईस जाऊन १९७६ सालीं निवर्तले. वसाहत चालू आहे. हुतात्म्याची कथा लिहिणें सोपें. रोज सकाळीं हजेरी देऊन पाणी धरावयास जाणाऱ्या मनुष्याच्या कित्येक वर्षांची कथा लिहिणें अवघड. इतिहास मात्र या दुसऱ्या कथेचाच असतो.

(६)

पांचवा विसर शिक्षणाचा. व त्याविषयीं एका निवृत्त शिक्षकानें थोडें अधिक बोलणें वाचकांस अस्थानीं वाटणार नाहीं. बोलपटांतील बंदी सुधारतात ते श्रमानें व उपदेशानें. पाटीपुस्तकास त्या कथेंत कांहीं कार्य नाहीं. काम हेंच शिक्षण, असा तिचा आशय. हा आशय अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा शोधावयाचा तर आमच्या खानदेश-नाशिकच्या तुरुंगांकडे यावें लागतें. आणि ते तर चार भिंतींचे, कडेकोट.

१९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलें. पहिलें २१ फेब्रुवारीस, अखेरचें १९ जूनला. पंचांग काढून पाहावें : या दोन तारखांमध्यें, दोन्ही धरून, बरोबर अठरा रविवार येतात, व अध्यायही अठराच, म्हणजे एकही रविवार चुकलेला नाहीं. हीं प्रवचनें उतरून घेणारे सानेगुरुजी, हेही तेथें बंदीच. वक्ता बंदी, लेखनिक बंदी, श्रोते बंदी. आणि त्यांतून महाराष्ट्राच्या घराघरांत गेलेला ग्रंथ सिद्ध झाला. पुढें सानेगुरुजी नाशिकच्या तुरुंगांत होते. तेथें ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं, गुरुवारीं, त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहावयास घेतलें व १३ तारखेस, सोमवारीं पहांटे, तें हातावेगळें केलें. दिवसा तुरुंगांतील काम व उरलेल्या वेळीं लेखन, असा तो क्रम. पुस्तकाची बांधणीही पाहण्यासारखी आहे : रात्रीमागून रात्र, एक सांगणारा व भोंवतीं ऐकणारे. ती आश्रमांतील बैठक म्हणून लिहिलेली आहे. परंतु दिवसभराच्या कष्टानंतर एकत्र बसून ऐकण्याची ती रीत तुरुंगांतही अपरिचित नव्हती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ते राजकीय बंदी, आधींच विद्वान. चोर-खुन्यांशीं त्यांची तुलना काय? आक्षेप योग्य आहे, व तो ध्यानांत ठेवूनच आम्ही निष्कर्ष काढतों. तो असा : शिक्षणास मोकळें रान लागत नाहीं, लागतो तो शिकविणारा, ठरलेला वेळ आणि कागद. हें तीन मिळाले तर भिंतीच्या आंतही अक्षर रुजतें, व न मिळाले तर खुल्या रानांतही रुजत नाहीं. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम असे कारखाने आहेत. अलीकडच्या वर्षांत तेथें घडविलेल्या शाडूच्या गणेशमूर्ती गांवांतील लोक घरीं नेतात. याच नगरींत १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, व त्याच्या अभ्यासक्रमांचा लाभ कारागृहांतील बंद्यांसही मिळतो. बंदिस्त गृहांत मुक्त विद्यापीठ, आणि खुल्या रानांत बंदिवास : हे दोन वदतोव्याघात एकमेकांस पूरक आहेत. एकांत हातास काम व डोक्यास अक्षर आहे, पण घर नाहीं. दुसऱ्यांत घर व काम आहे. तेथें अक्षराची व्यवस्था किती झाली, हें बोलपटास विचारून कळणार नाहीं, तें कागदांस विचारावें लागेल.

(७)

एवढी चिकित्सा कशासाठीं? बोलपट हा बोलपट आहे, इतिहास नव्हे, असें म्हणून सोडून कां देऊं नये? याचें उत्तर असें कीं, बखरींचे परिणाम बखरींत राहत नाहींत. पानिपतच्या बखरींनीं मराठ्यांस आपल्या पराभवाकडे कसें पाहावें हें शिकविलें. त्याचप्रमाणें या चित्रबखरीनें आम्हांस खुल्या कारागृहाकडे कसें पाहावें हें शिकविलें आहे. ती शिकवण अशी कीं, हा एका असामान्य पुरुषाचा चमत्कार आहे. चमत्काराचा लोक आदर करतात, पण तो पुनः करूं पाहत नाहींत. आदिनाथासारखा देवमाणूस मिळेल तेव्हां पाहूं, असें म्हणून हातावर हात ठेवण्यास यासारखें निमित्त नाहीं.

उलट, इतिहास सांगतो तो असा. स्वित्झर्लंडांत विट्झविल येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दलदलीची जमीन बंद्यांकडून लागवडीस आणविली गेली. इंग्लंडांत वेकफील्डजवळ न्यू हॉल येथें १९३६ सालीं खुली छावणी निघाली. संयुक्त प्रांताचें उत्तर प्रदेश झाल्यावर संपूर्णानंदांच्या पुढाकारानें १९५२ सालीं धरणाच्या बांधकामावर बंद्यांच्या छावण्या घातल्या गेल्या. महाराष्ट्रांत १९५० नंतरच्या दशकांत येरवड्यास व १९६८ सालीं पैठणास खुलीं कारागृहें झालीं. राजस्थानांत सांगानेर येथें १९६३ पासून बंदी कुटुंबासह राहतात व बाहेर जाऊन आपल्या कष्टाचें खातात. स्वतंत्रपुराशीं याचें साम्य अगदीं निकटचें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही राममूर्ति प्रकरणांत खुल्या कारागृहांच्या बाजूनें मत दिलें. इतक्या ठिकाणीं, इतक्या निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जी गोष्ट चालली, ती चमत्कार नव्हे. ती पद्धति होय. आणि पद्धति असेल तर ती वाढवितां येते, शिकवितां येते, बिघडली तर दुरुस्तही करतां येते. स्वतंत्रपूर इतक्या वर्षांनंतरही लहानच राहिलें, यास अनेक कारणें असतील. परंतु त्याची कीर्ति चमत्कार म्हणून झाली, पद्धति म्हणून नाहीं, हें त्यांतील एक कारण आहे असें आमचें मत आहे.

(८)

शेवटीं या त्रैमासिकाच्या वाचकांस, विशेषतः संग्राहकांस, दोन शब्द. जुन्या पोथ्या, सनदा व मोडी रुमाल यांचा शोध आपण निष्ठेनें करतां. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावरचे छापील नमुन्यांवर भरलेले तुरुंगी कागद कोणी संग्राह्य मानीत नाहीं. तो कागद हलका, शाई कच्ची, विषय अप्रिय. म्हणून तो आधीं रद्दींत जातो. औंध दरबारचे या वसाहतीसंबंधीचे हुकूम, आटपाडी कचेरीकडील जमिनीच्या नोंदी, विलीनीकरणाच्या वेळच्या याद्या, वसाहतींतील मुलांचीं नांवें असलेलीं शाळेचीं हजेरीपुस्तकें, त्या काळचीं छायाचित्रें, आणि बोलपटाच्या पटकथेचे कच्चे खर्डे, यांपैकीं जें कोणाच्या दृष्टीस पडेल तें जतन करावें. शाळेचें एक हजेरीपुस्तक मिळालें तर वरील पांचव्या मुद्द्याचा निकाल एका दिवसांत लागेल. पटकथेच्या खर्ड्यांत कुटुंबें होतीं कीं आरंभापासूनच नव्हतीं, हें कळलें तर विसर लेखकाचा कीं पडद्याचा, हेंही ठरेल.

मात्र एक पथ्य पाळावें. सनदेंतील इनामदाराचें नांव छापणें आणि शिक्षापत्रांतील बंद्याचें नांव छापणें, यांत अंतर आहे. त्या बंद्यांचीं नातवंडें आज त्याच मुलखांत मानानें नांदत असतील. आजोबांनीं शिक्षा भोगून फेडलेला अपराध संशोधकानें पुनः त्यांच्या दारावर लिहूं नये. नांव झांकून कागद छापला तरी इतिहासाचें कांहीं अडत नाहीं. कारण आम्हांस कोणी खून केला हें पाहावयाचें नसून, त्यानें नंतर काय पिकविलें, त्याची मुलें शिकलीं कीं नाहीं, आणि मुदत संपल्यावर तो कोठें गेला, हें पाहावयाचें आहे.

बोलपटाविषयीं आमचा निकाल असा : तो भूमीविषयीं विश्वसनीय, बाजाराविषयीं मार्मिक, कुटुंबाविषयीं विस्मरणशील, शिक्षणाविषयीं मुका, आणि बंदिपालाविषयीं भाबडा आहे. बखर म्हणून तो जपावा, पुनःपुनः पाहावा. प्रमाण म्हणून मात्र त्याच्यापुढें अस्सल कागद ठेवावा. ते कागद शोधण्याचें काम अजून व्हावयाचें आहे, आणि तें दोन डोळ्यांचें नसून पुष्कळ हातांचें आहे. अलमतिविस्तरेण.